बोटी किती होत्या?

सध्या थिएटरांत एक गंमत चालू आहे. नवे सिनेमे शुक्रवारी लागतात आणि आठवड्याभरात उतरतात. जुने मात्र पुन्हा लागून हाऊसफुल्ल होतात. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा फार कुणी थिएटरात जाऊन पाहिला नव्हता. २०२४ च्या सप्टेंबरात तो परत लागला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. ‘लैला मजनू’चं तेच, ‘सनम तेरी कसम’चंही तेच. यातले बहुतेक सिनेमे मोबाइलवर आहेत, लोळत बघता येतात. तरी पोरं तिकीट काढून जातात आणि पाठ असलेले संवाद पडद्यावरच्या माणसाच्या आधी म्हणून मोकळी होतात.

असं का होतं, याची उत्तरं बरेच जण देतात. नवं काही धड येत नाही, जुन्या आठवणी विकल्या जातात, रील करायला मिळतं. सगळी थोडी थोडी खरी असतील. मला त्यात एकाची भर घालायची आहे. आमच्या सिन्नरकडे जुन्या विहिरींत डोकावलं की आतल्या दगडांवर पाण्याचे पट्टे दिसतात. अमुक साली पाणी इथवर होतं, तमुक साली तिथवर. विहीर जागची हलत नाही, पाणी वरखाली होतं. जुना सिनेमा तसा असतो. तो आहे तसाच राहतो. आपलं पाणी किती चढलं, किती उतरलं, ते त्याच्या कडेला दिसतं.

माझ्यासाठी ती विहीर म्हणजे जेम्स कॅमेरॉनचा ‘टायटॅनिक’. तीन तास चौदा मिनिटांचा, अकरा ऑस्करवाला. आपल्याकडे तो मार्च १९९८ मध्ये लागला. जहाज बुडाल्याला शंभर वर्षं झाली म्हणून एप्रिल २०१२ मध्ये थ्रीडी होऊन परत आला, आणि पंचवीस वर्षं झाली म्हणून १० फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि शेजारी ताई होती. २०२३ मध्ये पाहिला तेव्हा अडतिसाची होते. एका बाजूला ताईची मुलगी होती, दुसऱ्या बाजूला आई.

०००

तसं पाहिलं तर ही गोष्ट पहिल्यापासूनच पुन्हापुन्हा प्रदर्शित होत आली आहे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी जहाज बुडालं. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा, १४ मे ला, अमेरिकेत त्यावरचा पहिला सिनेमा लागला. त्यात काम केलं होतं डॉरोथी गिब्सन या नटीनं, जी स्वतः त्या जहाजावर होती आणि वाचली होती. सिनेमात तिनं त्या रात्री अंगावर असलेलेच कपडे घातले होते. मूकपट होता, दहा मिनिटांच्या आसपासचा. आता त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुढे १९४३ मध्ये नाझी जर्मनीनं इंग्रजांची बदनामी करायला स्वतःचा ‘टायटॅनिक’ काढला. १९५८ मध्ये इंग्रजांनी स्वतःचा काढला. कॅमेरॉनचा नंबर फार नंतरचा.

आमच्या जिल्ह्यालाही या तारखेशी जरा नातं लावता येतं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या सुरुवातीला बोटीनं लंडनला गेले, सिनेमा कसा काढतात ते पाहून आले आणि एप्रिलमध्येच मुंबईत कंपनी काढायच्या मागे लागले. म्हणजे तिकडे जहाज बुडत होतं तेव्हा इकडे आपला सिनेमा जन्माला यायची तयारी चालू होती. योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण नाशिकच्या माणसाला सिनेमाबद्दल बोलताना फाळक्यांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

०००

१९९८. सिन्नर म्हणजे विडी. पुढे मुसळगाव-माळेगावच्या एमआयडीसीनं गावाचं रूप पालटलं, पण आमच्या गल्लीत तेव्हा दर दुसऱ्या दारात बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, पंचवीसचं बंडल करायचं. मजुरी हजारावर. त्यातल्या ‘वाईट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत, आणि वाईट कुठली ते मोजणारा ठरवायचा. आई रोज हजार वळायची. ताई शाळा-कॉलेज सांभाळून तीनशे-चारशे वळायची. माझ्याकडे दोरे बांधायचं काम होतं.

त्या आधी दोन वर्षं वडिलांनी शेतात बोअर घेतलं. तीनशे फूट, मग साडेतीनशे. फुफाटा निघाला. पुढच्या वर्षी दुसरं घेतलं, तेही कोरडं. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या माणसाला ही गोष्ट उलगडून सांगावी लागत नाही. कर्ज झालं. आणि मग ताईला स्थळ आलं. संगमनेरकडची बागायत, घर मोठं. ‘आम्हाला काही नको, लग्न आम्ही करून घेतो’ म्हणाले, आणि वडिलांच्या कर्जातला मोठा तुकडाही उचलला. ताई एकोणीस वर्षांची होती. तिला डी.एड. करायचं होतं. लग्न मे महिन्यात ठरलं.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा संपल्यावर नाशिकरोडचा मामा म्हणाला, पोरींना एक पिक्चर दाखवतो. ताई आता सासरी जाणार. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘तुम्ही जा. तिच्या वाटणीच्या मी वळते.’

हिंदीत डब केलेला ‘टायटॅनिक’ होता. ते एकपडदा थिएटर आता नाही. गर्दी एवढी की मामानं तिकिटं ब्लॅकनं घेतली. मला सगळ्यात आधी काय लक्षात राहिलं असेल तर पाणी. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, अर्ध्या हंड्यावरून शेजारणींची बोलणी बंद व्हायची. समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिलेला नव्हता. जहाजाच्या जिन्यांवरून, गालिच्यांवरून, काचेच्या घुमटातून पाणी कोसळायला लागलं तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘बाई गं, एवढं पाणी!’ आणि थिएटर हसलं. त्यात माणसं बुडतायत हे कळायला आम्हा सिन्नरकरांना अंमळ उशीरच लागला. चित्र काढायच्या प्रसंगाला मामाला एकदम तहान लागली आणि त्यानं आम्हा दोघींना बाहेर थंडा प्यायला नेलं. परत येईपर्यंत रोझनं कपडे घातले होते.

ताई रडली. जॅक बुडाला तेव्हा सगळेच रडत होते, पण ताई त्याच्या कितीतरी आधीपासून रडत होती. रोझची आई तिच्या पाठीमागे उभी राहून तिच्या कंबरेचे बंद करकचून आवळते आणि सांगते की तुझे वडील कर्ज ठेवून गेले आहेत, हे लग्न आपल्याला करावंच लागेल, तिथपासून. मी तिच्याकडे पाहिलं आणि परत पडद्याकडे पाहिलं. तेराव्या वर्षी एवढंच सुचतं.

महिन्याभरानं ताईचं लग्न झालं. तिच्या वाटच्या विड्या मी वळायला लागले, पण फार दिवस नाही. कर्ज हलकं झालं होतं. आई म्हणाली, तू शीक. मी बी.कॉम. झाले, मुसळगावला एका कंपनीत हिशेब सांभाळायला लागले. माझं लग्न मी अठ्ठाविसाव्या वर्षी, माझ्या पसंतीनं केलं. घरात कुणी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण हिशेब करणं हेच माझं काम आहे. ताई उतरली म्हणून आमची होडी हलकी झाली आणि त्या जागेवर मी बसले.

०००

२०२३ ला जायचा बेत भाचीचा. ती तेव्हा वीस वर्षांची, नाशिकला होस्टेलवर राहून बी.फार्म. करत होती. तिच्या पिढीला ‘टायटॅनिक’ सिनेमाआधी मीममधून कळलेला असतो. शेवटचा तो लाकडी तुकडा, ज्यावर रोझ पडून राहते आणि जॅक पाण्यात गारठून मरतो, त्यावर दोघं मावले असते की नाही, या वादात तिचं मत अगदी ठाम. मावले असते. या वादानं कॅमेरॉनला एवढं पिडलं की २०२३ च्या फेब्रुवारीतच त्यानं थंड पाण्यात माणसं घालून प्रयोग करून दाखवला. निष्कर्ष असा की जमून आलं असतं तर कदाचित दोघंही वाचले असते. पुढच्या वर्षी तो लाकडी तुकडा लिलावात ७ लाख १८ हजार ७५० डॉलरला विकला गेला. आपले सहा कोटींच्या घरात.

ताई आली नाही. ‘घरी पाहुणे आहेत,’ म्हणाली. पाहुणे कशासाठी होते ते नंतर कळलं. आई मात्र चक्क यायला तयार झाली. पासष्टीची झाली होती, विड्या सुटल्या होत्या, महिन्याला हजार रुपये पेन्शन मिळत होती. तिच्या चष्म्यावर आम्ही थ्रीडीचा काळा चष्मा चढवला. शो इंग्रजीतला होता, म्हणून भाची एका कानात आणि मी दुसऱ्या कानात मराठी करून सांगत होतो. थोड्या वेळानं आईनं आम्हा दोघींना गप्प केलं. ‘कळतंय मला. तुम्ही बगा.’

एकाच ठिकाणी तिनं विचारलं. तो बंद आवळायचा प्रसंग. ‘काय म्हणती ती आई?’

मी सांगितलं. नवरा कर्ज ठेवून मेला, नावाशिवाय काही उरलं नाही. पोरीनं लग्न केलं नाही तर हिला शिवणकाम करून पोट भरावं लागेल, असं म्हणतेय.

आई हसली. चांगली मोठ्यानं हसली, पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं. ‘शिवणकाम? त्याची एवढी भीती?’ मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘मला कुणी एक शिलाई मशीन दिलं असतं ना, तर मी जलमभर तंबाखू फुंकली नसती छातीत.’

मलाही हसू आलं. खरंच होतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईचं स्वप्न शिलाई मशीनचं होतं. रूथ ज्या पायरीवर घसरायला घाबरते, ती पायरी आईला चढायलाच मिळाली नाही. पण दोन-तीन मिनिटांनी, प्रसंग पुढे गेल्यावर, अंधारात आई पुन्हा बोलली. या वेळी तिला माझं उत्तर नको होतं.

‘वाईट नाही ती बाई. तिला दुसरं दिसत नव्हतं.’

मी आईकडे पाहिलं नाही. दोन-दोन चष्म्यांआड तसंही काही दिसलं नसतं.

०००

पंचवीस वर्षांपूर्वी मी जॅक आणि रोझ यांच्या मागे मागे धावत जहाजभर फिरले होते. या वेळी ते दोघं पळत पुढे गेले की माझं लक्ष मागेच राहायचं. बॉयलरशी कोळसा ओढणारी माणसं. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीमागे अडकलेली, बॅगा-बोचकी घेतलेली माणसं. खालच्या खोलीत दोन पोरांना झोपवताना गोष्ट सांगणारी आई, जिला ठाऊक आहे की आता वर जाऊन उपयोग नाही. कॅमेरॉन तिच्यावर काही सेकंदच थांबतो. आमच्या आईनं तेवढ्यातच माझा हात धरला.

सिनेमात जॅक-रोझ खोटे असले तरी खालच्या मजल्याचं दुःख खोटं नाही. आकडे सगळे नोंदलेले आहेत. पहिल्या वर्गातले शंभरातले साठहून अधिक वाचले, तिसऱ्या वर्गातले शंभरातले साधारण पंचवीस. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातलं मिळून एकच मूल दगावलं. तिसऱ्या वर्गातली पन्नासहून अधिक मुलं बुडाली. सेज नावाचं एक इंग्रज कुटुंब फ्लोरिडाला नवं आयुष्य काढायला निघालं होतं. नवरा, बायको आणि नऊ मुलं. अकराही जण गेले. पहिल्या वर्गातल्यांची एक होडी चाळीस जणांची होती, ती बारा जणांना घेऊन निघाली.

मेल्यावरही वर्ग सुटला नाही. मृतदेह गोळा करायला गेलेल्या जहाजावर ते टिकवायचं सामान अपुरं पडलं. तेव्हा पहिल्या वर्गातले शवपेट्यांत ठेवले गेले आणि शंभराहून जास्त देह, बहुतेक तिसऱ्या वर्गातले आणि खलाशी, परत समुद्रातच सोडले गेले. शेवटपर्यंत वाजवत राहिलेल्या वादकांपैकी एकाच्या वडिलांना, त्याला कामाला लावणाऱ्या एजन्सीनं नंतर गणवेशाचं बिल पाठवलं. खलाशांचा पगार जहाज बुडालं त्या घटकेला थांबला. हे वाचताना मला आईच्या बाजूला काढलेल्या विड्या आठवतात. ब्रिटिश चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या एकाही वाचलेल्या प्रवाशाला साक्षीला बोलावलं नाही, आणि अहवालात लिहिलं गेलं की तिसऱ्या वर्गावर अन्याय झालेला नाही.

०००

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक बाई सांगते. ॲनी फंक. अमेरिकन मिशनरी, आजच्या छत्तीसगडमधल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवायची. आई आजारी असल्याची तार आली म्हणून ती आगगाडीनं मुंबईला आली. तिथून ‘पर्शिया’ बोटीनं निघाली आणि इंग्लंडला पोहोचली. पुढच्या ज्या बोटीचं तिकीट होतं ती कोळसा खाणींच्या संपामुळे सुटणार नव्हती, म्हणून जादा पैसे भरून तिनं तिकीट बदललं. ‘टायटॅनिक’चं घेतलं. १२ एप्रिलला जहाजावरच तिचा अडतिसावा वाढदिवस झाला. ती वाचली नाही. तिकडून मुंबईला येणारी रेल्वे नागपूर, भुसावळ, नाशिकरोडवरून येते. त्या मार्चमध्ये खिडकीतून तिनं आमचाच रखरखाट पाहिला असणार, असं मला उगाच वाटत राहतं.

आणि आपलं स्वतःचं जहाजही आहे. आमच्या कंपनीत अलिबागकडचा एक सहकारी आहे, त्याच्यामुळे ते मला कळलं. ‘रामदास’ बोट. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या, गटारी. गिरणगावातली, बाजारहाटाला आलेली माणसं सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पाऊस, वारा. काशाच्या खडकाजवळ एक मोठी लाट आली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबई इतक्या जवळ असून कित्येक तास तिथं कुणाला पत्ता नव्हता. जे वाचले त्यातल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. पंधरा ऑगस्टला महिनाही उरला नव्हता. त्या धामधुमीत देशाला ‘रामदास’साठी थांबायला वेळ नव्हता. सहकाऱ्याच्या घरी मात्र अजून गटारीला गोडधोड किंवा तिखट काहीच करत नाहीत. का, ते घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे.

कुणाच्या बुडण्याकडे जग बघतं हे आजही ठरलेलं आहे. आम्ही सिनेमा पाहिला त्यानंतर चार महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, ग्रीसजवळ शेकडो स्थलांतरितांनी भरलेली एक मासेमारीची बोट बुडाली. १०४ जण वाचले. चारच दिवसांनी ‘टायटॅनिक’चा सांगाडा बघायच्या, अडीच लाख डॉलरचं तिकीट असलेल्या सफरीवर गेलेल्या पाच जणांची पाणबुडी फुटली. तुमच्या मोबाइलवर त्या आठवड्यात कुठली बातमी जास्त आली, आठवून बघा.

०००

परतताना नाशिकहून सिन्नरच्या बसमध्ये आम्ही तिघी मागच्या बाकावर होतो. शिंद्याचा टोलनाका गेल्यावर आईनं विचारलं, ‘बोटी किती होत्या गं त्या जहाजावर?’

भाचीनं मोबाइलवर शोधलं. ‘वीस, आजी.’

‘माणसं किती बसत होती त्यात?’

‘एक हजार एकशे अठ्ठ्याहत्तर.’

‘आन् होती किती?’

‘बाविसशेच्या वर.’

आईनं पंचविसाच्या बंडलांनी आयुष्यभर मोजलंय. तिला कागद लागत नाही. ‘म्हंजे पहिल्या दिवसापास्नं निम्म्याच माणसांची सोय.’

मी सांगितलं की कायद्यात तेवढंच होतं. दहा हजार टनांच्या वरच्या कुठल्याही जहाजाला सोळा बोटी पुरे, असा नियम जुन्या काळी झाला होता. हे जहाज शेहेचाळीस हजार टनांचं झालं तरी नियम तोच राहिला. उलट यांनी चार जास्तच ठेवल्या होत्या.

‘वाचली किती?’

‘सातशेच्या आसपास.’

आई गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हंजे होत्या त्यापण भरल्या नाहीत.’

तेवढ्यात भाचीनं ती गोष्ट काढली, जी ती दिवसभर दाबून बसली होती. घरी आलेले पाहुणे तिच्यासाठी होते. स्थळ. समृद्धी महामार्गात जमीन गेलेलं घर, बंगला, दोन गाड्या. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला चांगला. ‘मावशी, तो वाईट नाहीये, हाच तर प्रॉब्लेम आहे,’ ती म्हणाली. सिनेमात कॅल पिस्तूल घेऊन मागे धावतो, त्यामुळे रोझला पळणं सोपं जातं. इथं कुणी पिस्तूल काढलं नव्हतं. सगळे प्रेमानंच बोलत होते. तिला पुण्याला एका औषध कंपनीत नोकरी करायची होती. ‘दोन वर्षं थांबा म्हटलं तर बाबा म्हणतात, असं स्थळ पुन्हा येत नाही.’

‘आन् तुझी आई?’

‘मम्मी काहीच बोलत नाही.’

आईनं त्या रात्री ताईला फोन केला. ओसरीत उभी राहून बोलत होती, मी आतून ऐकत होते. कुठलाही उपदेश नव्हता. ‘तव्हा आमच्याकडं दुसरी बोट नव्हती,’ एवढं एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. ‘तुझ्याकडं हाय.’ मग बराच वेळ आई नुसती ‘हं, हं’ करत होती.

ताईनं पुढच्या आठवड्यात ‘टायटॅनिक’ मोबाइलवर पाहिला. एका बैठकीत नाही. स्वयंपाक, गायी, सासूबाईंच्या गोळ्या उरकून रोज रात्री थोडा थोडा, कानात वायर घालून, चार रात्री. मग मला फोन केला. मला वाटलं जॅकबद्दल बोलेल, किंवा त्या बंद आवळायच्या प्रसंगाबद्दल. ती म्हणाली, ‘शेवटी म्हातारी झोपलेली असते ना, तिच्या उशाशी फोटो ठेवलेत. पाहिलेस का तू?’

पाहिले होते, ओझरते. ताईनं ते थांबवून थांबवून पाहिले होते. विमानाशेजारी उभी असलेली रोझ. समुद्रकाठी घोड्यावर बसलेली रोझ. ‘घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलीय बघ, पुरुषासारखी,’ ताई म्हणाली. ‘त्या वेळी थिएटरात हे फोटो मला दिसलेच नव्हते. तो बुडाला आणि संपलं, असंच वाटलेलं.’

ताईचा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. तिचा नवरा सरळ माणूस आहे. तिनं घर उभं केलं, दुधाचा धंदा वाढवला, सासूचं दुखणं काढलं. तिला विचारलं तर तीही वाईट झालं म्हणत नाही. फक्त डी.एड.चा फॉर्म तिनं पेटीच्या तळाशी ठेवलाय, हे मला ठाऊक आहे, कारण तो फॉर्म आणायला तिच्यासोबत मीच गेले होते.

त्या स्थळाला ताईनं स्वतः फोन करून नाही कळवलं. नवरा आठ दिवस नीट बोलला नाही, मग बोलायला लागला. भाची पुण्याला आहे. तीन मुलींत एक फ्लॅट, पगारातला निम्मा भाड्यात जातो, जेवण बेताचं. स्थळं अजून येतात. कुणी विचारलं की ताई सांगते, ‘सध्या नाही.’ पुढे काही बोलत नाही, आणि समोरचाही फारसं काही विचारत नाही.